सोंग, मुखवटा आणि माणूस : पेणच्या कारखान्यापासून पिट्सबर्गपर्यंत



मागच्या व्याख्यानानंतर रोह्याहून एका श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला. नाव आम्ही घेत नाही, कारण गोष्ट घरातली आहे. त्यांचा मुलगा अमेरिकेत शिकायला आहे. तिथे तो कोल्ह्याचं भलं मोठं केसाळ डोकं आणि मागे शेपूट लावून एका संमेलनाला गेला, आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर येऊन पडला. काका हसले, मामा गप्प बसले, आजी दोन दिवस धड जेवली नाही. गृहस्थ विचारतात, "सर, हा काही आजार आहे का? आमच्याकडे असलं कधी नव्हतं."

यात दोन वाक्यं आहेत. पहिल्याकडे आपण सावकाश येऊ. दुसरं वाक्य मात्र इतिहासाचं आहे, आणि ते तपासता येतं. आमच्याकडे असलं कधी नव्हतं. खरंच नव्हतं?

आधी ते संमेलन म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना माहीत नसेल. फर म्हणजे प्राण्याच्या अंगावरचे केस, त्यावरून 'फरी'. माणसासारखे चालणारे, बोलणारे, कपडे घालणारे प्राणी ज्यांना आवडतात, अशा लोकांचा हा मेळा. त्यांची चित्रं काढायची, गोष्टी लिहायच्या, आणि हौस असेल तर स्वतः तो पोशाख चढवायचा. उगम अमेरिकेत, १९८० च्या दशकातला. विज्ञानकथांच्या संमेलनांना जाणारी काही मंडळी संध्याकाळी हॉटेलच्या एखाद्या खोलीत वेगळी जमायला लागली. मग जानेवारी १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे त्यांनी स्वतःचं पहिलं संमेलन भरवलं. माणसं किती? साठ-सत्तर. आपल्याकडे वाढदिवसाला याहून जास्त जमतात. १९९५ मध्ये जर्मनीत युरोफरन्स सुरू झालं. १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला अँथ्रोकॉन सुरू झालं, आणि २००६ पासून ते पिट्सबर्ग शहरात भरतं. अलीकडच्या वर्षांत तिथे पंधरा हजारांवर लोक येतात. आणि एक लक्षात ठेवा, त्यातल्या बहुतेकांकडे पूर्ण पोशाख नसतोच. कुणाच्या डोक्याला नुसते कान, कुणाला शेपूट, कुणाच्या गळ्यात फक्त एक बिल्ला आणि त्यावर त्यानं स्वतःसाठी कल्पिलेल्या प्राण्याचं चित्र आणि नाव. त्या कल्पिलेल्या प्राण्याला ते 'फर्सोना' म्हणतात.

आता आपल्याकडे वळू.

मराठीत याला शब्द आहे, आणि तो फार जुना नि फार नेमका आहे. सोंग. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्यात तो आहेच. पण कोशापेक्षा बोलण्यात तो कसा वापरतात ते बघा. सोंग 'आणतात', सोंग 'घेतात', सोंग 'करतात', आणि आमच्या ठाणे-पालघरकडे सोंग 'नाचवतात'. सोंग करणं म्हणजे ढोंग. पोटात दुखत नसताना शाळा बुडवण्यासाठी कळवळणं. सोंग आणणं म्हणजे चेहरा बदलून देवाच्या, दैत्याच्या, जनावराच्या रूपात रिंगणात उतरणं. पहिलं लबाडीचं, दुसरं उत्सवाचं. शब्द एकच. इंग्रजी शिकलेल्या आपल्या पिढ्यांच्या डोक्यात पहिला अर्थ राहिला, दुसरा शिमग्याबरोबर गावाकडे राहिला.

दुसरा अर्थ जिवंत बघायचा असेल तर जव्हार-मोखाड्याला जायला हवं. तिकडचा बोहाडा. काही लोक भोवाडा म्हणतात. होळीनंतर उन्हाळ्यापर्यंत गावोगाव वेगवेगळ्या तिथींना होतो, कुठे तीन रात्री, कुठे पाच, कुठे जास्त. वारली, कोकणा, महादेव कोळी आणि गावातले इतर समाज यात असतात. मुखवटे पूर्वी लाकडाचे, आता कागदाच्या लगद्याचेही. टेंभ्यांच्या उजेडात, संबळ नि सनईच्या ठेक्यावर एकेक सोंग येतं, पुढे-मागे नाचतं आणि जातं. पहिला गणपती. म्हणजे हत्तीचं तोंड. मग इतर देव, दैत्य, नरसिंह म्हणजे सिंहाचं तोंड, आणि शेवटच्या रात्री पहाटेकडे जगदंबा आणि महिषासुर, म्हणजे रेड्याचं तोंड, यांची लढाई. रात्रभर माणसं प्राण्यांच्या चेहऱ्यांनी वावरतात, आणि पोरं आईच्या मांडीवर बसून ते बघतात, घाबरतात, पुन्हा बघतात.

दक्षिणेला सिंधुदुर्गात दशावतार. तिथेही मुखवटा लावलेला गणपती आधी. मग काळ्या वेशातला संकासुर, ज्यानं वेद पळवले, आणि ज्याला मारायला विष्णूला मासा व्हावं लागलं. समर्थांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे सतराव्या शतकात हा खेळ लोकांच्या ओळखीचा होता. दहा अवतारांची यादी एकदा नव्यानं वाचा. मासा, कासव, डुक्कर, मग अर्धा सिंह अर्धा माणूस. पहिले चार अवतार जनावरांकडले, मग कुठे वामन. ज्या धर्मकल्पनेत परमेश्वरालाही डुक्कर व्हायला कमीपणा वाटला नाही, त्या परंपरेतल्या आजीनं नातवाच्या कोल्ह्यापायी उपाशी राहावं, याची आम्हाला गंमत वाटते. आजींना आमचा नमस्कार सांगा आणि जेवायला घाला.

आमच्या पेणचं तर बोलायलाच नको. हमरापूर, जोहे, कळवे, दादर या बाजूला वर्षभर कारखाने चालतात. कारखाना हाच शब्द, मूर्तिशाळा वगैरे पाटीवर. माणसाचं शरीर आणि हत्तीचं मस्तक अशा आकृत्या इथे लाखांच्या हिशेबानं घडतात आणि जहाजानं परदेशी जातात. जगात दुसरं असं गाव असेल तर आम्हाला दाखवा. त्या गणपतीला आपण फेटा बांधतो, धोतर नेसवतो, सोफ्यावर बसवतो, हातात बॅट देतो. साचा, शाडू, प्लास्टर, न्यायालयाचे निकाल, विसर्जनाचे नियम, हा सगळा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्यावर बोलायला आम्हापेक्षा कारखानदार जास्त लायक आहेत. आज फक्त एका कामाकडे बघायचं. आखणी. रंग झाल्यावर शेवटी डोळे काढतात ते. सगळ्या कारखान्यात हे काम दोन-चार हातांकडेच असतं. तोवर ती वस्तू असते. डोळे आखले की ती आपल्याकडे बघायला लागते. चांगल्या आखणीची परीक्षा काय, तर खोलीत कुठूनही बघा, देव तुमच्याकडेच बघतोय असं वाटलं पाहिजे.

हे आम्हाला पिट्सबर्गमध्ये आठवलं. आम्ही उभयता काही वर्षांपूर्वी नातलगांकडे तिकडे होतो. शहराच्या कडेला वेंकटेश्वराचं मोठं देऊळ आहे, १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या जुन्या हिंदू देवळांपैकी एक. ज्या वस्तीत आहे तिचं नाव पेन हिल्स. पेणहून निघालो नि पेन हिल्सला पोचलो, असा विनोद आम्ही तिथे इतक्यांदा केला की घरातल्यांनी हात जोडले. त्याच आठवड्यात नदीकाठच्या मोठ्या अधिवेशनगृहात अँथ्रोकॉन होतं, आणि त्यांची मिरवणूक रस्त्यावर सगळ्यांना बघायला खुली असते. गेलो. बायका पोरांना खांद्यावर घेऊन उभ्या, म्हातारे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले, हॉटेलवाल्यांनी दारात पंजांची चित्रं लावलेली. आणि मग शेकडो लांडगे, कोल्हे, मांजरी, एक गेंडा, दोन-तीन पंखवाले सर्प, जुलैच्या उन्हात हात हलवत चाललेले. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हा तर शिमगा."

त्या डोक्यांचे डोळे आम्ही निरखून बघितले. डोळ्याचा भाग चेहऱ्यात थोडा आत बसवलेला असतो. त्यामुळे तुम्ही डावीकडून बघा की उजवीकडून, कोल्हा तुमच्याकडेच बघतो. आत घातलेला माणूस जाळीतून भलतीकडेच बघत असतो, कारण त्याला दिसतंच फार कमी. जोह्यातला आखणीवाला आणि अमेरिकेतला फोम कापणारा कारागीर एकमेकांना ओळखत नाहीत, पण दोघांनी सोडवलेलं कोडं एकच आहे. समोरच्याला पाहिलं गेल्यासारखं वाटलं पाहिजे.

इथवर साम्य सांगितलं. साम्यं गोळा करणं सोपं असतं, आणि आमच्या वयाच्या माणसांना त्याची सवयच असते. 'हे आपल्याकडे आधीच होतं' असं म्हटलं की टाळ्या मिळतात. आता फरक सांगतो, आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

बोहाड्यात सोंग कुणाचं? गणपतीचं सोंग एका घराचं, नरसिंहाचं दुसऱ्या घराचं. मुखवटा घराण्यात परंपरेनं राहतो, आजा नाचवायचा, मग बाप, मग मुलगा. पोराला रेडा व्हायचंय की सिंह, हे कुणी विचारत नाही. घराला जे आलं ते त्यानं नाचवायचं, आणि त्यात मान आहे. मुखवट्याआड कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. 'यंदा अमक्याचा पोर जोरात नाचला' अशी चर्चा दुसऱ्या दिवशी विहिरीवर होते. पिट्सबर्गला सगळं उलट. प्राणी ज्याचा त्यानं निवडायचा. निवडायचा काय, घडवायचा. आणि आतला माणूस कोण, हे शेजारी चालणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं, ठाऊक करून घ्यायची रीतही नसते. बिल्ल्यावरचं नाव हेच नाव. जात, आडनाव, देश, पगार, सगळं हॉटेलच्या खोलीत.

निवडलेलं सोंग आणि वाट्याला आलेलं सोंग. आमचा प्रबंध 'स्व' या कल्पनेवर होता, त्यामुळे आम्ही इथे जरा रेंगाळणार आहोत, सांभाळून घ्या.

जेजुरीचा वाघ्या बघा. गळ्यात कवड्यांची माळ, वाघाच्या कातड्याची भंडाऱ्याची पिशवी, हातात दिमडी, जवळ कोटंबा. कथा अशी सांगतात की हे मूळचे वाघ, खंडोबाच्या दर्शनानं माणसं झाले. आणि माणसं होऊन काय झाले, तर खंडोबाची कुत्री. सणाच्या दिवशी वाघ्ये कुत्र्यासारखे भुंकतात, कोटंब्यात वाढलेलं जमिनीवर ठेवून कुत्र्यासारखं तोंडानं खातात. कर्नाटकात मैलारच्या देवाचे वग्गय्या, त्यांचंही तेच. रा. चिं. ढेरे आणि जर्मनीहून येऊन धनगरांत राहिलेले गुंथर सोंथायमर, या दोघांनी खंडोबाच्या या सगळ्या जगावर आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. हौशीनं कोल्हा होणाऱ्या मुलापेक्षा हे कितीतरी खोल आहे. इथे माणूस एका प्राण्याचं चित्र अंगावर घेत नाही, तो एका मालकाचा इमानी जीव होतो. भक्तीच्या भाषेत याहून नम्र काही सापडणार नाही.

पण वाघ्या होतो कसा? पुष्कळदा नवसानं. मूल होत नव्हतं, आईबापांनी बोललं, झालं की तुझा वाघ्या करू, मुलगी झाली तर मुरळी. मूल अजून जन्मलेलं नाही आणि त्याचं सोंग ठरलं. मुरळी सोडण्याच्या चालीत मुलींचं काय झालं हे इथे विस्तारानं सांगायला नको. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षणाचा कायदा करावा लागला, आणि त्यानंतरही काम संपलं नाही, महाराष्ट्राला या शतकात नवा कायदा करावा लागला. तेव्हा परंपरेतलं सोंग म्हणजे पवित्र आणि हौसेचं सोंग म्हणजे थिल्लर, अशी वाटणी आम्हाला मान्य नाही. रोहा हे पांडुरंगशास्त्री आठवल्यांचं जन्मगाव. त्यांचा जन्मदिवस, १९ ऑक्टोबर, त्यांचे अनुयायी मनुष्य गौरव दिन म्हणून पाळतात. त्या गावातल्या श्रोत्यांना आम्ही एवढंच विचारू की मनुष्याचा गौरव कशात जास्त आहे? स्वतः निवडून चार दिवस कोल्हा होण्यात, की जन्माआधी दुसऱ्यानं कुत्रा ठरवण्यात? भक्तिभावानं वाघ्या होणाऱ्याचा यात अपमान नाही. ज्याला विचारलंच गेलं नाही त्याचा प्रश्न आहे.

मधल्या काळात आणखी एक प्रकार होता, जो आता आपण विसरलो. मोहरमचे वाघ. अंगाला पिवळा नि काळा रंग लावून, शेपूट बांधून, ताशाच्या ठेक्यावर नाचणारी माणसं. जाफर शरीफ यांचं, हर्कलॉट्सनं इंग्रजीत आणलेलं 'कानून-ए-इस्लाम' हे पुस्तक १८३२ चं. मोहरममध्ये नवसानं घेतल्या जाणाऱ्या सोंगांची त्यात लांबलचक जंत्री आहे आणि त्यात वाघ आहे. दख्खनभर, वऱ्हाड-नागपूरकडेसुद्धा, हे वाघ हिंदूही व्हायचे. पुण्यात मोहरमच्या मिरवणुकांत हिंदूंचा मोठा भाग असायचा. मग ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. १८९४ पासून गणेशोत्सव सार्वजनिक रूपात उभा राहिला, मेळे निघाले, आणि मोहरमला जाऊ नका असा प्रचार झाला. त्या मेळ्यांचा थाट पुष्कळसा मोहरमच्या टोळ्यांवरून घेतलेला होता, हे अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे लोक तेच, ढोल-ताशे तेच, पण वाघ गेला आणि हत्तीचं मस्तक आलं. आमच्या पेणच्या कारखान्यांना त्या बदलातूनच पुढे मोठी बाजारपेठ मिळाली. कोणतं सोंग राहतं आणि कोणतं जातं, हे सोंगाच्या गुणावर ठरत नाही. त्याला गर्दी कोणाची मिळते यावर ठरतं.

आणि रायगड जिल्ह्याच्या डोंगरात तर याहून साधं काही आहे. फणसाडचं अभयारण्य मुरूड आणि रोहा तालुक्यांत, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल, १९८६ पासून अभयारण्य. अशा जंगलाच्या कडेला वाघोबाचे दगड असतात, शेंदूर लावलेले. आश्विनातल्या द्वादशीला आपण शहरात वसुबारस म्हणून गाय पुजतो, डोंगरातले लोक त्याच दिवशी वाघबारस करतात. अकोले-जुन्नरच्या बाजूला या दिवशी गुराखी पोरांतलाच एक वाघ होतो, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीचे त्यांना दटावून विचारतात, आमच्या शिवारात पुन्हा येशील का? आणि पळवून लावतात. त्याला पोशाख नाही की मुखवटा नाही. एक पोर थोडा वेळ वाघ होतो, कारण खऱ्या वाघाशी बोलायची दुसरी सोय नाही.

टॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७४ मध्ये एक निबंध लिहिला, वटवाघूळ असणं म्हणजे काय असतं, या प्रश्नावर. आमच्या वर्गात आम्ही तो तीस वर्षं शिकवला. त्याचं म्हणणं असं की वटवाघळाच्या मेंदूची सगळी माहिती गोळा केली तरी त्याला आतून कसं वाटतं हे आपल्या हाती लागत नाही. आपण फार तर एवढं कल्पू शकतो की आपण वटवाघळासारखे वागलो तर आपल्याला कसं वाटेल. बरोबर आहे. पण गुराख्याच्या पोराला वटवाघळाचं मन नकोच आहे. त्याला त्याची गाय वाचवायची आहे.

आता पहिल्या वाक्याकडे. आजार आहे का?

आम्ही डॉक्टर नाही, पण प्रश्नाची मांडणी तपासणं हा आमचा धंदा होता. मुलगा अभ्यास करतो का? करतो. स्वतःला खरोखरच कोल्हा समजतो का? पत्रावरून तसं दिसत नाही, त्याला पोशाखाची किंमत नि शिवण दोन्ही ठाऊक आहेत. मग उरतं काय? लोक हसले, हे उरतं. म्हणजे दुखणं मुलाकडे नाही, ग्रुपवर आहे. आणि मंडळी, ते दुखणं साधं नाही. त्याबद्दलच आम्हाला आज खरं बोलायचंय.

महाभारताच्या आदिपर्वात किंदम नावाच्या ऋषीची कथा आहे. माणसांत वावरताना लाज वाटते म्हणून तो हरणाचं रूप घेऊन, पत्नीलाही हरिणी करून, रानात राहायचा. पांडू शिकारीला आला आणि त्यानं बाण मारला. मरताना किंदमानं शाप दिला, आणि त्या शापातून पुढचं सगळं महाभारत हललं. पांडू स्वतःची बाजू मांडतो की राजानं हरीण मारणं हा गुन्हा नाही. त्याला हरीण दिसलं. आत कोण आहे हे त्याला विचारायचं सुचलं नाही. पंचतंत्रातलं गाढवही आठवा. धोब्यानं त्याला वाघाचं कातडं पांघरलं, शेतातलं खायला सोडलं, आणि ओरडलं तेव्हा राखणदारानं ठार केलं. सोंग ज्यानं चढवलं तो धोबी घरी. मार गाढवाला.

डिसेंबर २०१४ मध्ये शिकागोजवळ रोझमाँटला अशाच एका फरी संमेलनाच्या हॉटेलात रात्री जिन्यात कुणीतरी क्लोरीन सोडला. पोलिसांनी तो मुद्दाम केलेला प्रकार मानला. एकोणीस माणसं इस्पितळात गेली. बाकीच्यांना थंडीत बाहेर काढून शेजारच्या सभागृहात नेलं, आणि योगायोग असा की तिथे कुत्र्यांचं प्रदर्शन चालू होतं. काही बातम्यांत या प्रकारावर विनोदही झाले. 

आपल्याकडे? आपल्याकडे बहुरूपी आहेत. पोलिसाचं, बैराग्याचं, कधी हनुमानाचं सोंग घेऊन दारात येणारे, दोन विनोद करून धान्य घेऊन जाणारे. भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि फिरणारा माणूस म्हणजे संशयित, हे सरकारी सत्य झालं. कायदा १९५२ मध्ये गेला, संशय राहिला. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, सोलापूरकडची, भिक्षा मागायला आलेली. मुलं पळवणारी टोळी फिरते असा मजकूर फोनांवरून फिरत होता. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. ती माणसं कसलंही सोंग घेऊन आली नव्हती, ती त्यांच्या नेहमीच्या वेशात होती. पण त्या वेशाची ओळख असलेली पिढी तिथे उरली नव्हती. पूर्वी दारात आलेल्या गोसाव्याला म्हातारी सुपातून धान्य घालायची, कारण तिच्या सासूनं घातलं होतं. ओळख तुटली, आणि फोननं नवी ओळख पुरवली.

म्हणून आम्ही म्हणतो की सोंगाला मुखवटा लागतो त्याहून अधिक लागतात ते ओळखणारे डोळे. शिमग्याला काळा संकासुर चाबूक घेऊन दारात आला तर महाड-माणगावची बाई ओरडत नाही, ती पैसे काढते. दिवस ठाऊक आहे, वाट ठाऊक आहे, सोंग ठाऊक आहे. तोच संकासुर जानेवारीत अनोळखी सोसायटीच्या लिफ्टमध्ये उभा राहिला तर काय होईल, कल्पना करा. रोह्यात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका धरून मानवंदना देतात. देवाचं नाव कोणत्या पोलीस हजेरीपटावर आहे, असं तिथे कुणी विचारत नाही. सगळं गाव मिळून एक गोष्ट खरी मानतं, आणि त्या मानण्यात कुणी वेडा ठरत नाही. पिट्सबर्गकरांनीही तेच केलंय, नकळत. एवढ्या वर्षांत त्या शहरानं ओळखून घेतलंय की जुलैमध्ये हे येतात. दारावर पंजे काढणारा हॉटेलवाला आणि सुपातून धान्य घालणारी म्हातारी, यांत आम्हाला फारसं अंतर दिसत नाही. हॉटेलवाल्याला धंदाही होतो, हे खरं. म्हातारीलाही पुण्य मिळायचंच.

रोह्याच्या त्या गृहस्थांना आम्ही फोनवर विचारलं की मुलाचा कोल्हा कसला आहे, नाव काय त्याचं? त्यांना माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. घरातले सगळे त्या फोटोबद्दल एकमेकांशी बोलले होते, त्याच्याशी कुणी नाही.

वेळ होत आला, पण एक तपशील राहिला, आणि तो आम्हाला सगळ्यात आवडलेला आहे. या संमेलनांत एक खोली राखून ठेवलेली असते. पोशाखवाल्यांनी तिथे जाऊन डोकं काढायचं. मोठे पंखे लावलेले असतात, प्यायला पाणी असतं, कारण त्या केसाळ पोशाखात माणूस घामानं निथळतो आणि चक्कर येऊन पडायची वेळ येते. त्या खोलीत फोटो काढायचा नाही, असा नियम. आत बसलेले कोण आहेत हे बाहेर जाऊन सांगायचं नाही, अशी रीत. आम्हाला सिंधुदुर्गातला रंगपट आठवला. कंदील किंवा बल्ब, पेट्यांवर बसलेली माणसं, एक जण अर्धा नारद, दुसऱ्याच्या डोक्यावरचा गणपती काढून शेजारी ठेवलेला, आणि तो बिडी ओढतोय. बाहेर पेटी वाजत असते. कुणी पोर पडद्याआडून डोकावलं तर त्याला हाकलत नाहीत, फक्त सांगतात, बाहेर जाऊन बोलू नको हां.

प्रश्न असतील तर नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या वेळी बहुरूप्यांवर स्वतंत्र बोलू.